सरदारांची बंदूक आणि चंद्राक्काची खानावळ

मोरवाड संस्थानात चंद्राक्का नावाची बाई स्वतःच्या घरात खानावळ चालवायची. सरदार रणनवरे तिथे जेवायला यायचे ते भरलेली बंदूक मांडीवर घेऊनच. एकदा मिशीला पीळ देता देता त्यांच्या हातून चाप ओढला गेला आणि वरणाच्या पातेल्याला भोक पडलं. चंद्राक्का थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी तिने सरदारांना दारातच अडवलं. "बंदूक बाहेर ठेवा, नाहीतर उपाशी जा."

सरदारांचा पारा चढला. त्यांनी थेट महाराजांकडे फिर्याद नेली. आता खानावळीला टाळं लागणार, असंच सगळे धरून चालले. दरबारात शिरताना चंद्राक्कालाही तीच भीती होती, पण सरदारांचा तोरा पाहिला आणि ती पळाली.

सरदार सनद फडकावत म्हणाले, "संस्थानात कुठेही बंदूक बाळगायचा मला हक्क आहे. हिची खानावळ काय संस्थानाबाहेर आहे?"

"नाही हो," चंद्राक्का म्हणाली. "पण हा दरबारही संस्थानातच आहे ना? मग तुमची बंदूक दारावरच्या पहारेकऱ्याकडे कशी?"

"मूर्ख बाई!" सरदार गरजले. "हे महाराजांचं घर आहे. घरधन्याच्या परवानगीवाचून इथे हत्यार आणता येत नाही!"

चंद्राक्काने महाराजांना हात जोडले. "सरकार, निवाडा सरदारसाहेबांनीच केला. माझ्या घराची धनीण मी आहे."

महाराजांनी हसत हसत फिर्याद फेटाळली. सरदार तोंड पाडून निघाले, तशी चंद्राक्का म्हणाली, "या हो जेवायला. माझा भात कुणाच्या अंगावर धावून जात नाही."