घड्याळाशेजारचा आकडा

“…मग बायजाक्कांना बीजघराच्या कामातून कधी मोकळं करायचं?” श्रीरंगने विचारलं.

मठाचे गुरू केरोबुवा भिंतीला टेकून बसले होते. अंगावर घोंगडी, दोन्ही हात घोंगडीच्या आत.

समोर चटईवर बायजाक्का सूप घेऊन बी निवडत होत्या. आपल्याबद्दलच चाललं आहे हे त्यांना कळत होतं. सूप थांबलं नाही.

घाटमाथ्यावरच्या त्या मठात आसपासच्या गावांचं जुनं बियाणं सांभाळलं जाई. बुवा टेकले होते त्या भिंतीपलीकडे एक थंड खोली होती, तिला सगळे बीजघर म्हणत. तिथलं तापमान चार-पाच अंशांवर ठेवायचं. एकोणीस वर्षं ते काम अक्कांकडे होतं. दर तासाला उठायचं, मागच्या दाराशी जायचं, तिथल्या तापमापकाला नाक लावून आकडा वाचायचा आणि परत येऊन बसायचं.

श्रीरंग शहरातली चांगली नोकरी सोडून शिष्य व्हायला आला होता. आठ दिवस गप्प बसला. नवव्या दिवशी त्याने बुवांना विचारून बीजघरात सेन्सर सोडला, त्याची वायर भिंतीतल्या भोकातून अलीकडे घेतली आणि मठाच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. बीजघराचं तापमान आता स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी दिसू लागलं. मठात यंत्राने आवाज करायचा नाही, हा जुना नियम. त्यामुळे भोंगा नव्हता. जे काही कळायचं ते त्या आकड्यावरूनच.

“आता उठायचं कारण नाही, अक्का,” त्याने सांगितलं होतं. “बसल्या जागी दिसेल.”

अक्का बसल्या. गेल्या आठवड्यात बीजघराचं थंड करणारं यंत्र बंद पडलं आणि तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. काळकुसळी भाताच्या बियाला बुरशी धरली. ते बी आता आणखी कुठे मिळेल, याची कुणालाच खात्री नाही.

“तीन दिवस आकडा समोर होता,” श्रीरंग म्हणाला. “सव्वीस. अक्का त्याच्यासमोर बसून होत्या.”

“हं.”

“त्या म्हणतात, अक्षर बारीक आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.”

अक्कांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला.

मठाचा दुसरा एक नियम होता. हाताला काम नसलेल्या माणसाने तिथे राहायचं नाही. अक्का सत्तरीच्या घरात होत्या आणि त्यांना मठाबाहेर घर नव्हतं. श्रीरंगला हे ठाऊक होतं. त्याने नजर खाली घातली, पण प्रश्न मागे घेतला नाही.

“अक्षर कसं आहे?” बुवांनी विचारलं.

श्रीरंगचा चेहरा उजळला. आपला तो बाब्या, दुसरं काय.

“नखाएवढी जागा मिळते, बुवा. तेवढ्यात अंश, दशांश, वर अंशाचं चिन्ह, सगळं बसवलंय. खालच्या पट्टीला शोभेल असा राखाडी रंग. आकड्यांना हलकी सावली. त्या सावलीवर मी दोन दिवस घालवले.”

“वाचता येतं?”

“येतं म्हणजे… स्वच्छ.”

“अक्का, जरा उठता का?”

अक्का सूप घेऊन उठल्या.

“तू बस त्यांच्या चटईवर.”

श्रीरंग बसला. कॉम्प्युटरचं टेबल तिथून चार हातांवर होतं.

“काय दिसतं?”

“चार पॉइंट दोन,” त्याने लगेच सांगितलं.

…

“नीट बघ.”

“बघितलं, बुवा. चार पॉइंट दोन.”

“सावली?”

“सावलीसुद्धा दिसते.”



“जवळ जा.”

श्रीरंग हसत उठला आणि टेबलापाशी गेला. वाकला. मग त्याचं हसू गेलं. त्याने घड्याळाशेजारी बोट ठेवलं, बोट काढलं, पुन्हा पाहिलं.

चौतीस पॉइंट एक.

“बीजघर…!” तो दाराकडे धावला.

“थांब.”

केरोबुवांनी उजवा हात घोंगडीबाहेर काढला आणि मूठ उघडली. तळहातावर सेन्सर होता. त्याची वायर त्यांच्या पाठीमागून भिंतीतल्या भोकात गेली होती.

…

श्रीरंग उभाच राहिला. कान लाल झाले होते. मला विचाराल तर, त्या क्षणी तो मठ सोडून गेला असता तरी कुणी नवल केलं नसतं.

तो गेला नाही. थोड्या वेळाने तो अक्कांकडे वळला.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत नव्हतं?”

“न्हाई.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू हौसेनं केल्यालास. म्हटलं, कशाला पोराला हिरमुसं करायचं.” अक्का थांबल्या. “चुकलं माझं. बी गेलं. त्या दिवसापास्नं घास उतरंना झालाय मला.”

श्रीरंगने बुवांच्या हातून सेन्सर घेतला, भोकातून पलीकडे सोडला आणि कॉम्प्युटरपुढे बसला.

आधी त्याने सावली काढली. मग दशांश काढला. दशांशावर हात थांबला होता, तरी काढला. अंशाचं चिन्ह काढलं. राखाडी रंग गेला आणि आकड्यामागे काळा चौकोन आला, म्हणजे पट्टी कुठल्याही रंगाची असली तरी फरक पडू नये. त्यावर पांढरा ठळक आकडा, सगळी जागा भरून टाकणारा. दहाच्या वर गेला तर चौकोन लाल.

दर बदलानंतर तो विचारी, “अक्का, दिसतं?”

“न्हाई.”

“आता?”

“कायतरी हाय. बाळा, खोटं न्हाई सांगणार आता.”

त्याने आकडा आणखी जाड केला. जाड केल्यावर आतल्या फटी बुजल्या आणि सहा व आठ सारखेच दिसू लागले, म्हणून थोडा बारीक केला. दुपारचं जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी तो उठला नव्हता.

“आता?”

अक्कांनी डोळे बारीक केले.

“पाच.”

श्रीरंगने पाहिलं. पाचच होते.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. सकाळपर्यंत त्याला जे सुंदर वाटत होतं, त्यातलं तिथे काहीच उरलेलं नव्हतं. मग उठून तो बुवांसमोर जाऊन बसला.

“बुवा, बीजघर आता कुणाकडे?”

“अक्कांकडे.”

“मला दिलं नाही तरी वाईट वाटणार नाही. मी विचारतोय ते बियाण्याच्या काळजीने. माझी नजर चांगली आहे. त्यांना मुळात दिसतच नाही.”

“हो,” केरोबुवा म्हणाले. “आणि ते त्यांना माहीत आहे.”