कुर्लीचा मूठभर खजूर

एक होती कुर्ली. इवलीशी खेकडी. चालायची तिरकी तिरकी, तुरू तुरू.

बंदरावर होडी आली, की कुर्ली नारळ लोटायची. गडगड गडगड. नारळ जायचे समुद्रापलीकडे. तिकडून यायचा खजूर. नारळ लोटणाऱ्याला मूठभर खजूर, अशी रीतच होती.

एकदा काय झालं? खजूर आला, सगळा राजाच्या कोठीत गेला. धाडकन दार बंद. कुर्लीला काहीच नाही.

घरी पिल्लं उपाशी. कुर्ली म्हणाली, "माझा वाटा मी घेणारच."

निघाली. तिरकी तिरकी, तुरू तुरू.

कोठीवर बसला होता बोका.
"बोकोबा, बोकोबा, खजूर द्या. पिल्लं उपाशी, कुर्ली काही ऐकेना."
बोका म्हणाला, "राजा सांगेल, तर मी देईन. जा."

गेली राजाकडे. तिरकी तिरकी, तुरू तुरू.
"राजा, राजा, बोक्याला सांग. बोका देईना, पिल्लं उपाशी, कुर्ली काही ऐकेना."
राजा खजूर खात होता, मचमच मचमच. म्हणाला, "पलीकडची राणी खोबरं वाटेल, तर मी खजूर वाटीन. जा."

राणी तर समुद्रापलीकडे. कुर्ली घाबरते की काय? छे. बसली होडीत. डुबुक डुबुक.
"राणी, राणी, तू वाट. राजा सांगेना, बोका देईना, पिल्लं उपाशी, कुर्ली काही ऐकेना."
राणी खोबरं खात होती, कुरुम कुरुम. म्हणाली, "आधी तुझा राजा वाटेल, मग मी वाटीन. जा."

घ्या! राजा म्हणे राणी, राणी म्हणे राजा. आणि पिल्लांनी काय हवा खायची?

बाहेर होती मुंगी. ती होडीत खजूर भरायची. तिलाही खोबरं मिळालं नव्हतं.
"मुंगीताई, मुंगीताई, साथ दे. राणी वाटेना, राजा सांगेना, बोका देईना, पिल्लं उपाशी, कुर्ली काही ऐकेना."
मुंगी म्हणाली, "देते. तू तिकडे बस, मी इकडे बसते."

कुर्ली घरी आली. बसली फतकल मारून.
मुंगी खजूर भरेना. कुर्ली नारळ लोटेना. होडी हलेना.
राजाचं ताट रिकामं. राणीची वाटी रिकामी. पोटात गुडगुड गुडगुड.

मग काय! राणी लागली वाटायला. राजा लागला सांगायला. बोका लागला द्यायला.

बोक्यानं एकच खजूर पुढे केला. म्हणाला, "तुझी नांगी एवढीशी. तुझी मूठही एवढीशीच."
कुर्ली जागची हलली नाही. "नारळ मोठे लोटले ना मी? मग मूठ राजाची."
राजानं स्वतः मूठ भरली. गच्च भरली.

पिल्लं खजूर खाऊ लागली. मचमच मचमच, अगदी राजासारखी.
बिया थुंका बाळांनो, गोष्ट संपली.