गाभाऱ्याबाहेरचे तात्या

आमच्या कॉलेजच्या सर्व्हर-रूममध्ये तेव्हा चपला काढूनच जायचं. आत एकाच मशिनच्या पोटात निकाल, पगार, ग्रंथालय असे बारा व्हर्च्युअल सर्व्हर चालत. मशिनवर एक चूक झाली की बाराही बंद. ते सांभाळायच्या तारळेकरबाई.

एकदा संस्थेचे सचिव शितोळेतात्या दारात चपला काढतच गरजले, “संस्था माझी, आणि मला नुसतं बघण्यापुरतं लॉगिन? सगळे अधिकार द्या, नाहीतर घरी बसा!”

बाई म्हणाल्या, “तात्यासाहेब, गावचं देऊळ तुम्हीच बांधलंत ना? गाभाऱ्यात कोण जातं?”

“गुरव. आम्ही उंबऱ्याबाहेरून हात जोडतो.”

“मग तुम्हाला दर्शन काय अर्धंच मिळतं?”

तात्यांनी चपला पुन्हा पायांत सरकवल्या.

बाई केव्हाच निवृत्त झाल्या; ती खोली आता माझ्याकडे आहे. अजूनही कुणी सगळे अधिकार मागायला आलं, की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते.