फौजदारांचं नाक

सुलोचनाक्कानं फुकटचा च्यवनप्राश बंद केल्यापासून फौजदार रणपिसे तिच्यावर डूख धरून होते. एका दुपारी दोन पंच घेऊन ते तिच्या काढ्याच्या दुकानापाशी आले नि गरजले, “गांजाचा वास येतोय! माझं नाक कधी चुकत नाही. झडती घेणार!”

अक्कानं स्वतः पंच म्हणून कितीतरी झडत्या पाहिलेल्या. ती हसून म्हणाली, “घ्या की! पण रीतीप्रमाणे आधी पंचांना तुमची झडती द्या, मग आत या.”

पंचांनी माना डोलावल्या. गर्दी बघत होती, फौजदारांचा नाइलाज झाला. खिसा उलटताच गांजाची पुडी खाली पडली.

“साहेब, मानलं तुमच्या नाकाला!” अक्का म्हणाली. “आता लिहा पंचनामा. माल कुठं सापडला, तिथं तेवढं ‘फौजदारांचा डावा खिसा’ लिहा.”