पाय पुसून आत या

माणसाला अजून मधाची चव ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. हिरड्याच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं आणि दारावर भागा नावाची माशी राखणीला असे. एकदा कुणीतरी चिखलाच्या पायांनी आत आली, राणीसमोर डाग पडला. राणीनं हुकूम काढला, यापुढे प्रत्येकीनं दारात पाय पुसूनच आत यायचं.

भागा मोठी कडक. रानभर हिंडून माश्या मागच्या पायांना परागाचे गोळे चिकटवून आणायच्या आणि ही दारातच अडवायची, "आधी पाय!"

"भागाबाई, हा चिखल नाही गं, पिलांचा घास आहे," एक थकलेली माशी काकुळतीनं म्हणाली.

"नियम काय मी केलाय? पूस मुकाट्यानं."

तिनं पुसले. सगळ्याच पुसत होत्या. दारात परागाचा पिवळा ढीग साचला, मुंग्या तो मजेत वाहून नेऊ लागल्या. आत पोळं मात्र आरशासारखं लखलखत होतं.

मग एक दिवस पिलांना सांभाळणारी दाई दारात आली. हळूच म्हणाली, "भागा, पिलं आता वळवळतसुद्धा नाहीत."

राखण सोडून भागा ढिगावर झेपावली, पाय परागानं भरून घेतले आणि धावत आत गेली. पहिल्याच पिलापुढे तिनं पाय धरला.

पाय लख्ख होता. आत शिरताना तिनं तो सवयीनं पुसला होता.