नाबरबाईंचा आंधळा मासा

"बाई, त्यानंतर दुसरा कधी पाहिलात?"

हेरंब ओटवणेकरने हा प्रश्न गाडीत बसल्यापासून मनात घोळवला होता. तरी विचारताना आवाज खाली उतरलाच.

नाबरबाई ओटीवरच्या बाकावर बसल्या होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. बोलणाऱ्याकडे तोंड वळवायची सवयही आता सुटली होती.

"पाहिला नाही," त्या म्हणाल्या.

हेरंबला सुटल्यासारखं वाटलं. त्याला हवं होतं तेच उत्तर मिळालं होतं.

गोष्ट अशी, की तरुणपणी बाईंना याच जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, विहिरीचा तळ उपसताना, करंगळीएवढा एक मासा मिळाला. बिनडोळ्यांचा. डोळ्यांच्या जागी नुसती गुलाबी कातडी. त्या एका माशावर बाईंनी निबंध लिहिला आणि मत्स्यशास्त्रात एक अख्खं घराणं उभं राहिलं. पिढ्यान् पिढ्या अंधारात काढल्यावर डोळे कसे मिटत जातात, यावर लोकांनी पदव्या घेतल्या. बाईंच्या हाताखाली हेरंबने घेतली, पुढे हेरंबच्या विद्यार्थ्यांनी घेतली. परदेशातल्या पुस्तकांत बाईंचं नाव गेलं.

मासा मात्र पुन्हा कुणाला मिळाला नाही. संग्रहालयातल्या बाटलीतलं स्पिरिट उडालं आणि होता तोही वाळून भुगा झाला.

हेरंब आता विभागप्रमुख होता. त्याने तालुक्यातल्या विहिरी पालथ्या घातल्या. पाण्यात दिवे सोडले, कॅमेरे सोडले. काही नाही. शेवटी त्याने लिहून टाकलं, की असा मासा नाहीच; बाईंच्या हाती लागलं ते कुठल्या तरी साध्या माशाचं अधू पिल्लू असणार. लेख लवकरच छापून येणार होता. बाईंना ते परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून तो स्वतः आला होता, आणि आपल्या या मोठेपणाचं त्याला मनातून थोडं कौतुकही वाटत होतं.

हे सगळं त्याने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, काही खोडून काढलं नाही...

एवढंच विचारलं, की पायाला कुठे जखम नाही ना.

तो नाही म्हणाला.

"मग चल."

घरामागे जांभा कोरून पाण्यासाठी काढलेलं जुनं भुयार होतं. बाहेर टळटळीत दुपार. आत वाकून शिरताच उजेड संपला. बाई पुढे झाल्या. भिंत न चाचपता, वाकायचं तिथे नेमक्या वाकत, त्या चालत राहिल्या. बॅटरी हेरंबच्या हातात होती आणि ठेचकाळतही तोच होता.

पाणी लागलं. काठाच्या दगडावर बसून बाईंनी पाय पाण्यात सोडले. त्यालाही सोडायला सांगितले.

त्याने बॅटरी फिरवली. तळ स्वच्छ दिसत होता. वाळू, खडे, बस्स.

"इथेही नाही, बाई."

"विझव."

त्याने विझवली.

आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे त्याला बोट लावून पाहावं लागलं. आत कुठेतरी थेंब पडत होता. शेजारी बसलेल्या बाईंचा श्वासही ऐकू येईना. त्या आहेत ना, असं विचारावं म्हणून त्याने तोंड उघडलं...

तेवढ्यात घोट्याला काहीतरी लागलं. गार. मऊ. लागलं आणि टेकूनच राहिलं.

मग दुसऱ्या पायाला. मग टाचेला.

मासे पायाची कातडी कुरतडतात, हे त्याला ठाऊक होतं. हे कुरतडत नव्हते. त्यातला एक अंगठ्यापासून निघाला, एकेका बोटापाशी थबकत करंगळीपर्यंत गेला. थांबला. पुन्हा अंगठ्यापासून निघाला.

ही रीत हेरंबच्या ओळखीची होती. अनोळखी मासा हाती आला की तो स्वतः असेच त्याच्या परांतले, पोहायच्या पंखांतले, काटे मोजायचा. एकदा मोजून भागत नाही, पुन्हा मोजायचे. बाईंनीच शिकवलं होतं. त्यानंतर लांबी घ्यायची.

त्यानंतर स्पिरिटची बाटली.

ते गार तोंड आता घोट्यावरून वर सरकत होतं. सावकाश, कुठेही घाई न करता.

त्याला पाय ओढून घ्यायचा होता. पाय हलेना. हात मात्र बॅटरीकडे गेला.

बटण दाबायच्या आत बाईंनी त्याचं मनगट धरलं. अंधारात, अचूक.

"बाई... हे..."

"राहू दे," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांचं अजून बघून झालेलं नाही."