काठीची शिकवण

काठ्या-घोंगड्या बोलायच्या आणि माणसं तेव्हाही ऐकायची नाहीत, त्या काळातली गोष्ट. धुळा धनगराने मेंढ्या राखायला आईपासून तोडून कुत्र्याचं एक पिल्लू आणलं. ते रात्रभर रडायचं.

"अरे धुळा, माझ्या उबेत घे त्याला," घोंगडी म्हणाली. "आईला चिकटून निजायची सवय त्याची. हळूहळू निजेल एकटं."

"लाडावून ठेव, म्हातारे!" काठी फणकारली. "मी एका रात्रीत शिकवते."

धुळ्याला स्वतःची झोप प्यारी. त्याने काठी उचलली. पिल्लू कुंई करी, की तडाखा बसे. पहाटेला ते गप्प निजलं, आणि पुन्हा कधी त्याने आवाज काढला नाही. काठी तोऱ्यात मिरवली. घोंगडीला मात्र धुळ्याच्या घोरण्याची लाज वाटली.

पिल्लाचा दांडगा कुत्रा झाला. एका रात्री मेंढ्यांत लांडगा शिरला. कुत्र्याने तोंड उघडलं, धुळ्याच्या उशाशी असलेल्या काठीकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

सकाळी फाडलेल्या मेंढ्यांत उभा राहून धुळा ओरडला, "मुडद्या, भुंकला का नाहीस?"

"त्याला काय विचारतोस? काठीला विचार," घोंगडी म्हणाली.

धुळ्याने विचारलं नाही. कुत्र्याला भुंकायला शिकवायचं म्हणून त्याने पुन्हा तीच काठी उचलली.